दाराखालची फट

“…पण एखादं मूल कामाला बसतच नसेल, तर काय करायचं, अक्का?”

अक्कांनी मान वर केली नाही. त्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून मेथी निवडत होत्या.

“एखादं म्हणजे?”

“म्हणजे… कुठलंही.”

“कुठलंही मूल अजून माझ्याकडे आलेलं नाही,” अक्का म्हणाल्या आणि पुढची काडी उचलली.

स्नेहलनं परातीतली एक काडी उचलली आणि परत ठेवली.

गोदाक्कांनी गडहिंग्लजमध्ये आयुष्यभर बालमंदिर चालवलं होतं. पुढे ते बंद झालं. पण माणसं त्यांच्याकडे येत राहिली. लहान मुलाला घरच्या घरी काय द्यावं, कसं द्यावं, हे विचारायला तरुण आया यायच्या. अक्का फार बोलत नसत. एखादी गोष्ट हळूहळू करून दाखवत आणि बाजूला होत. ज्यांना कळायचं त्यांना कळायचं. बाकीच्या पुन्हा येत नसत.

स्नेहल शिंत्रे पुन्हा पुन्हा आली होती. अक्कांचे हात तिनं डोळ्यांत साठवले होते. चटई कशी गुंडाळायची, पाण्याचं भांडं मुलाच्या कुठल्या बाजूला ठेवायचं, कुठे बोलायचं आणि कुठे ओठ मिटून घ्यायचे. आपल्याइतकं हे कुणी आत्मसात केलेलं नाही, हे तिला ठाऊक होतं. अक्का तसं कधी म्हणाल्या नव्हत्या. तरी तिला ठाऊक होतं.

“गिरिजा कशी आहे?” अक्कांनी विचारलं.

“तीच बसत नाही.”

“हं.”

गिरिजा स्नेहलची मुलगी. चार वर्षांची व्हायला आली होती. तिच्यासाठी स्नेहलनं माडीवरची खोली रिकामी केली होती. सुताराला बोलावून गिरिजाच्या छातीला लागेल एवढंच उंच फळ्यांचं कपाट करून घेतलं होतं. त्यावर एकेका ट्रेमध्ये एकेक काम. पाणी ओतायला चोचीची दोन छोटी भांडी. निवडायला एका वाटीत एकत्र केलेला तांबडा राजमा आणि पांढरा पावटा. बटणं लावायला-काढायला कापड ताणून बसवलेली लाकडी चौकट. पॉलिशपेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली अक्षरं, बोट फिरवलं की खरखरणारी. सगळं तिनं हातानं केलं होतं. पॉलिशपेपरनं बोटांची सालं निघाली, तरी केलं.

गिरिजा खोलीत आली की आधी आईच्या हाताकडे बघायची. मग आईच्या तोंडाकडे. मग उठून खिडकीत जायची.

“रोज असंच,” स्नेहल म्हणाली. “मी बोलत नाही, ओरडत नाही, मध्ये हात घालत नाही. तुम्ही सांगितलं तसं सगळं करते. माझं कुठं चुकतं, सांगा.”

“दुसरं कुणी असतं का खोलीत?”

स्नेहल थबकली.

“असते. म्हणजे… असायची. अन्वी.”

अक्कांचे हात थांबले.

अन्वी म्हणजे तिच्या थोरल्या जावेची, राजश्रीची मुलगी. गिरिजाहून थोडीशीच मोठी. घर एकच, चूल एकच. खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून एके दिवशी अन्वी आत आली होती. चपला बाहेर काढून, आपणहून. तिनं पाण्याचा ट्रे उचलला, खाली बसली आणि ओतू लागली. सांडलं. फडकं आणलं, पुसलं, परत ओतलं. परत सांडलं. ती हसली नाही, रडली नाही, कुणाकडे पाहिलंही नाही.

पहिले काही दिवस स्नेहलला कौतुक वाटलं होतं. तिनं अन्वीलाही चटई दिली. अक्षरावर दोन बोटं कशी फिरवायची ते दाखवलं. अन्वीला एकदा दाखवलं की पुरायचं.

राजश्रीनं यातलं काही वाचलेलं नव्हतं, केलेलं नव्हतं. ती सकाळी हायस्कूलच्या ऑफिसात जायची, संध्याकाळी यायची आणि म्हणायची, “आमची बया तुझ्याकडं बरी रमते गं.”

आणि मग ते जेवण झालं.

सगळे पंगतीला बसले होते. अन्वीनं ताटातल्या आमटीत बोट बुडवून ताटाच्या कडेला एक अक्षर काढलं आणि म्हणाली, “हा ग. गिरिजाचा ग.”

सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला. “अगं, हिला लिहाय-वाचाय यायला लागलं की!” त्यांनी अन्वीच्या पाठीवरून हात फिरवला. मग गिरिजाकडे वळले. “आणि तू गं? आई तुझी मास्तरीण. तुला येतो का तुझा ग?”

गिरिजा आनंदानं म्हणाली, “अन्वीला येतो!”

सगळे हसले. स्नेहल पाणी आणायच्या निमित्तानं पंगतीतून उठली.

त्या दिवसापासून एकच शब्द तिच्या डोक्यात फिरू लागला. आयतं. सालं माझ्या बोटांची निघाली आणि राजश्रीला सगळं आयतं मिळालं.

यातलं ताटापर्यंतचं स्नेहलनं अक्कांना सांगितलं. तो शब्द सांगितला नाही.

“‘असायची’ म्हणालीस,” अक्का म्हणाल्या.

“काय?”

“अन्वी. असायची म्हणालीस.”

…

“मी कडी घातली,” स्नेहल म्हणाली.

“कुठं?”

“खोलीला. आतून. म्हटलं, थोडे दिवस फक्त गिरिजाच. शेजारी पुढं पुढं करणारं कुणी नसलं, तर ती बसेल.”

“अन्वीला काय सांगितलंस?”

“काही नाही.”

“तिच्या आईला?”

स्नेहलनं नकारार्थी मान हलवली.

अक्कांनी मेथीची परात बाजूला सारली. नुसत्या बसून राहिल्या. अक्का अशा बसल्या की समोरच्याला बोलावंच लागायचं.

“ती आली,” स्नेहल म्हणाली. “रोजच्या वेळेला. मला चपला काढल्याचा आवाज आला. तिनं दार ढकललं. उघडलं नाही. मग म्हणाली, काकू, मी आले.”

“दार वाजवलं नाही?”

“नाही. दार बंद असलं की आपटायचं नाही, हळू आवाजात एकदा सांगायचं आणि थांबायचं…” तिचा आवाज बसला. “मीच शिकवलंय तसं.”

…

“गिरिजा म्हणाली, आई, अन्वी आली. मी म्हटलं, नाही आली. तू इकडं बघ.”

बाहेरून कुणीतरी म्हशी घेऊन गेलं.

“मग इकडं बघितलं तिनं?” अक्कांनी विचारलं.

“बघितलं.”

स्नेहलनं त्या दिवशी गिरिजापुढे राजम्या-पावट्याची वाटी ठेवली होती. गिरिजानं वाटीत बघितलं. तीन बोटांच्या चिमटीत एक राजमा उचलला. उठली. दाराशी गेली आणि पालथी पडली. माडीचं दार जुनं, खालून बोटभर आखूड. तिनं तो राजमा फटीतून पलीकडे ढकलला.

पलीकडून बारीक आवाज आला, “आला!”

गिरिजा उठली. वाटीशी आली. एक राजमा उचलला. दाराशी गेली. पालथी पडली. ढकलला.

“आला!”

परत उठली.

“प्रत्येक वेळी एकच,” स्नेहल सांगत होती. आता ती अक्कांकडे बघत नव्हती. “मूठ भरून नेला नाही. एक उचलायचा, सांभाळून न्यायचा, ढकलायचा. घाई नाही. माझ्याकडे बघणं नाही. ओठ असे थोडे उघडे. अक्का, खाली गाडीचा हॉर्न वाजत होता, तो तिला ऐकूच येत नव्हता. तुम्ही सांगता ना, मूल कामात बुडतं ते कसं दिसतं… तेच. मी किती महिने वाट बघत होते त्याची.”

“आणि पावटा?”

“काय?”

“पावट्याचं काय केलं तिनं?”

स्नेहलनं डोळे मिटले.

“नेला नाही. फक्त राजमा नेला. वाटीत शेवटी नुसता पांढरा पावटा राहिला होता, आणि एक राजमा.”

“म्हणजे निवडून झालं.”

“झालं.”

“मग आनंद झाला असेल तुला.”

…

“नाही,” स्नेहल म्हणाली. “मी सगळं मांडलं, मी वाट बघितली. आणि ते सगळं ती दारापलीकडे देत होती. मी इथं खोलीत बसलेली. मला एक दाणा नाही.”

“मग?”

“काही नाही.”

अक्का थांबल्या.

“…मी टॉवेल घेतला. आणि त्या फटीत कोंबला.”

अक्कांचा चेहरा हलला नाही.

“गिरिजा शेवटचा राजमा घेऊन आली होती. तिनं टॉवेलाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. रडली नाही, अक्का. रडली असती तर बरं झालं असतं. ती परत गेली. राजमा वाटीत टाकला. वाटी ट्रेमध्ये ठेवली, ट्रे कपाटात ठेवला. जागच्या जागी. आणि म्हणाली, मला खाली जायचंय. त्यानंतर ती माडी चढलेली नाही. हात धरला तरी जिन्यावरच बसते.”

आता ती रडत होती. सुरुवातीला विचारलेला प्रश्न कुठल्या कुठे गेला होता.

अक्कांनी आपला उजवा हात पुढे केला. तळवा वर करून तो दोघींच्या मध्ये फरशीवर ठेवला. आणि तसाच राहू दिला.

स्नेहलला कळेना. “काय हवंय, अक्का?”

“मला काय माहीत? तू आत आहेस. मी बाहेर.”

…

हात तसाच होता. म्हातारा, सुरकुतलेला, मेथीनं हिरवा झालेला. स्नेहलनं इकडे तिकडे पाहिलं. पदराशी चाळा केला. काय द्यावं ते तिला सुचेना. हातावर हात ठेवावा असं वाटलं, पण ते धिटाईचं झालं असतं. हात वाट बघत राहिला आणि तिला त्या हाताकडे बघवेना.

शेवटी अक्कांनी तो काढून घेतला. राग नव्हता त्यात.

“एक सांग,” त्या म्हणाल्या. “पलीकडून परत काही आलं का?”

“परत?”

“एवढा राजमा गेला. तिकडून काही आलं का?”

हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

“मी… मी टॉवेल लावला होता.”

“मग जा,” अक्का म्हणाल्या. “बघून ये.”

एवढंच. ना उपाय, ना दोन समजुतीचे शब्द. स्नेहल चप्पल घालून निघाली, तेव्हा तिला अक्कांचाही राग आला होता. इतक्या लांबून आले, मन उघडं केलं, आणि मिळालं काय?

तरी घरी गेल्यावर ती आधी स्वयंपाकघरात गेली नाही. गच्चीवर गेली. राजश्री वाळलेले कपडे काढत होती.

“ताई, एक विचारू?”

“विचार की.”

“त्या दिवशी… अन्वी माडीच्या दाराशी बसली होती. तुम्ही बघितलंत तिला?”

राजश्रीनं दोरीवरचा फ्रॉक काढला, झटकला, घडी घातली.

“सुट्टी होती मला त्या दिवशी,” ती म्हणाली. “बघितलं.”

“काय करत होती?”

“ओच्यात राजमा घेऊन बसली होती. आणि केसातली पिन काढली होती तिनं. ती फुलपाखराची, गिरिजा सारखी मागायची ती. ती दाराखालून आत सारत होती. जाईना. आत काहीतरी आडवं होतं. ही आपली ढकलते, परत काढते, परत दुसऱ्या बाजूनं ढकलते. मी बघत उभी राहिले. मग उचलून घेऊन आले खाली.”

स्नेहल कठड्याला टेकली.

“तुम्हाला कळलं होतं? कडीचं?”

“न कळायला काय झालं?”

“मग काही बोलला का नाहीत?”

राजश्रीनं कपड्यांचा ढीग छातीशी धरला. ती जरा वेळ गावाबाहेरच्या उसाकडे बघत राहिली.

“बोलू? राग धरू नकोस.”

“बोला.”

“मला बरं वाटलं.”

“काय?”

“तू कडी घातलीस, ते मला बरं वाटलं,” राजश्री म्हणाली. “मी दिवसभर तिकडं टायपिंग करून येते. दारात पाऊल टाकते तर लेक म्हणते, काकूनं हे दाखवलं, काकूनं ते दिलं. तापात पडली तेव्हा पण काकू. मी जवळ बसलेली, आणि हिला काकू पाहिजे. तू मला कधी दिसलीस तरी नजर चुकवावीशी वाटायची. वरून मी हसून बोलायचे. आणि त्या दिवशी दार लागलेलं बघितलं, पोरीचं तोंड बघितलं, आणि पहिल्यांदा मनात काय आलं ठाऊक आहे? आता येईल माझ्याकडं.”

तिचे डोळे भरले होते. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“आली?” स्नेहलनं विचारलं.

“नाही. खाली येऊन भिंतीकडं तोंड करून बसली.”

दोघी जावा गच्चीवर उभ्या राहिल्या. एकमेकींकडे बघायची दोघींनाही लाज वाटत होती. स्नेहलनं इतके दिवस या बाईला मनातल्या मनात किती बोल लावले होते. आणि ही बाई इतके दिवस तेच करत होती.

“द्या इकडं थोडे,” स्नेहल म्हणाली आणि तिच्या हातातले निम्मे कपडे घेतले.

दुसऱ्या दिवशी तिनं पेचकस शोधून दाराची कडीच काढून टाकली. तशी गरज नव्हती, नुसती घातली नसती तरी चाललं असतं. पण आपल्या हातांवर आपला भरवसा नाही, असं तिला वाटलं.

अन्वीला तिनं स्वतः जाऊन बोलावलं. जिन्याखाली उकिडवी बसली, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आली आणि म्हणाली, “त्या दिवशी तू आली होतीस. मी दार उघडलं नाही. माझं चुकलं.”

अन्वीनं विचार केला.

“तुम्हाला ऐकू नाही आलं?”

खोटं बोलायला किती सोपं होतं.

“आलं होतं,” स्नेहल म्हणाली.

अन्वी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या बाजूनं, तिला हात न लावता, जिना चढून वर गेली.

गिरिजा मात्र आली नाही.

ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायची आणि वर कान लावायची. स्नेहल तिला ‘ये’ म्हणत नव्हती. ती अन्वीला शिकवत होती. हे सगळ्यात जड गेलं. समोर दुसऱ्याची मुलगी, पाठीमागे जिन्यात आपली, आणि हात मात्र स्थिर ठेवायचे, मन लावून दाखवायचं. कधी कधी अन्वीनं एखादं अक्षर पटकन ओळखलं की स्नेहलच्या आत काहीतरी टोचायचं. ती टोचणी जाईपर्यंत ती थांबायची आणि मग पुढचं अक्षर काढायची.

सुट्टीच्या दिवशी राजश्रीही वर येऊ लागली. तिला यातलं काही येत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसायची, फाटकं-तुटकं शिवायची, आणि डुलक्या घ्यायची.

अशाच एका दिवशी स्नेहल खाली स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. वर शांतता होती.

घरात मुलं असताना शांतता पसरली की बायका घाबरतात. स्नेहल घाबरली नाही. शांततेचेही प्रकार असतात, आणि हा कुठला, ते तिला कळलं. तिचं लाटणं थांबलं. हात पिठाचे तसेच ठेवून ती जिन्याशी गेली.

मधली पायरी रिकामी होती.

ती चढली. पायऱ्या वाजू नयेत म्हणून कडेकडेनं. दार उघडंच होतं. तिनं बाहेरूनच पाहिलं.

अन्वी खिडकीशी पाणी ओतत होती. राजश्री भिंतीला टेकून परकराचा नेफा शिवत होती. आणि मधोमध चटईवर, दाराकडे पाठ करून, गिरिजा बसली होती. मांडीवर बटणांची चौकट. ती बटण अर्धं आत सारत होती, मग पलीकडून बोटानं धरून ओढत होती. सुटलं. परत. मान एका बाजूला कललेली. तिच्या मानेवरच्या बारीक केसांत घाम होता.

स्नेहलला आत जावंसं वाटलं. इतकं, की तिचं एक पाऊल उचललं गेलं. समोर जाऊन बसावं, तिचा चेहरा बघावा. तो चेहरा बघायचा हक्क आपला आहे.

तिनं पाऊल जिथं होतं तिथंच ठेवलं.

बटण बसलं. मग दुसरं. मग सगळी. गिरिजानं चौकट समोर धरून पाहिली. सगळी बटणं सोडवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुणी बघतंय का, हे तिनं पाहिलं नाही. पुन्हा सगळी लागली, तेव्हा तिनं एक मोठा श्वास सोडला, मान वर केली, आणि तिला जवळ जो चेहरा दिसला, त्याला म्हणाली,

“मोठी आई, बघ.”

राजश्रीनं सुई थांबवली. “अगं बाई!” ती म्हणाली. तिनं घाईघाईनं दाराकडे पाहिलं. स्नेहल दिसते का म्हणून. कदाचित बोलवावं म्हणून.

स्नेहल कडेला सरकली. भिंतीआड.

ती कुणाला दिसली नाही. आली तशी कडेकडेनं खाली उतरली. तव्यावरची पोळी काळी झाली होती. ती तिनं नुसत्या हातानं उचलली, बोट भाजलं, आणि त्या भाजण्याचं निमित्त मिळाल्यासारखी ती ओट्याशी उभी राहून रडली.

त्या आठवड्यात ती अक्कांकडे गेली.

अक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या. त्यांनी तिला शेजारी जागा दिली. स्नेहलनं सगळं सांगितलं. पिन सांगितली, गच्चीवरचं सांगितलं, बटणं सांगितली. या वेळी तो शब्दही सांगितला, आयतं.

अक्का ऐकत होत्या.

“गिरिजा रोज बसते आता?”

“बसते. हाक मारावी लागत नाही.”

“अन्वी?”

“तिनं परवा माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. आपणहून. राजश्रीताईंसमोर.”

“आणि राजश्री?”

“त्या हसल्या. मग उठून खाली गेल्या. मला कळलं कशाला गेल्या ते… मी पण त्यांच्या मागं गेले.”

“बरं केलंस.”

झोपाळा थोडा हलला. कडीचा बारीक आवाज येत राहिला.

“पण अक्का…”

“बोल.”

“त्या दिवशी पहिलं बटण लागलं, ते मी पाठीमागून बघितलं. तोंड मला दिसलं नाही. ते राजश्रीताईंना दिसलं. मी त्यांना विचारलंसुद्धा, कशी दिसत होती हो? त्यांनी सांगितलं. खूप चांगलं सांगितलं. आणि त्या सांगत होत्या तेव्हा मला वाटलं, गप्प बसा, मला ऐकायचं नाही.”

…

“सगळं केलं मी,” ती म्हणाली. “कडी काढली. लेकराची माफी मागितली. आत जायचं नाही ठरवलं आणि गेले नाही. तरी हा मत्सर जात नाही. समजावते, ऐकत नाही. गप्प बसवते, परत उठतो. जरा दुसऱ्या कामाला लागले की पायात घोटाळतो. काय करू मी त्याचं?”

अक्कांनी पायानं झोपाळा थांबवला. तिच्याकडे वळल्या, आणि लेकराची तक्रार घेऊन पहिल्यांदाच आलेल्या आईला विचारावं तशा मायेनं त्यांनी विचारलं,

“किती वर्षांचा आहे?”